पाण्याने थंड होणाऱ्या संगणकासाठी शांत पंखा कसा निवडावा?



आपल्या गावांत आज यंत्रमागाच्या कारखान्याला लागून किंवा पेढीच्या माडीवर डिझाइनचा एक तरी संगणक असतोच. साडीचा काठ, ड्रेस मटेरियलची छपाई, भरतकामाची फाइल, सारे त्यावरच तयार होते. हा संगणक घेताना आपण पडदा बघतो, मेमरी विचारतो, घासाघीस करून किंमत खाली आणतो. त्याच्या पंख्याकडे कोणी बघत नाही. मीही पाहिले नव्हते. त्या दुर्लक्षाची किंमत मला मोजावी लागली, आणि माझ्यापेक्षा जास्त माझ्या एका कारीगराला. म्हणून हा विषय या पानावर मांडीत आहे.

फेब्रुवारी २०२४ ची गोष्ट. मार्चमध्ये रमजान सुरू होणार होता आणि ईदच्या मालाची डिझाइने सुरतेला छपाईसाठी पाठवायची होती. आमच्या मालेगावच्या पेढीवरचा संगणक पाण्याने थंड होणारा आहे. माझ्या भाच्याने तो सुटे भाग आणून जुळवला होता. काम चोख करी, पण दोन वर्षांत त्याचे पंखे असे गर्जू लागले की मोठी फाइल लावली म्हणजे समोर बसलेल्या गिऱ्हाइकाशी बोलणे मुश्कील. फोनवर भाव सांगावा तर पलीकडचा विचारी, "सेठ, कारखान्यात उभे आहात का?" मी वैतागून बाजारात गेलो आणि शांत पंखे मागितले. दुकानदाराने रंगीत दिव्यांचे दोन पंखे पुढे केले. खोक्यावर लिहिले होते, हवा ७० सीएफएम, आवाज १८ डेसिबल. हवा जास्त, आवाज कमी, किंमत माफक. मला वाटले, सौदा जमला.

पंखे खरोखरच शांत निघाले. पण आठवडाभरात, जी फाइल १५ मिनिटांत तयार होई तिला २५ मिनिटे लागू लागली. दिवसाला दहा फाइली म्हटल्या तर हिशेब करा. डिझाइन काढणारा तरुण म्हणाला, "सेठ, मशीन अटकतेय, मी काय करू?" मला ते पटले नाही. पंखे नवे, मशीन तेच, मग अटकते कशी? हा मोबाइल बघत बसत असणार, असे मी मनाशी ठरवले आणि चार माणसांसमोर त्याला कामचोर म्हटले. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी कामावर आला नाही.

मग भाचा आला. त्याने कॅबिनेट उघडून रेडिएटरला हात लावला आणि म्हणाला, "मामू, हा तर तवा झालाय." त्याने टेबलावरचा सुताचा एक धागा घेतला आणि रेडिएटरच्या मागे, जिथून हवा बाहेर पडायला हवी तिथे धरला. धागा सरळ लोंबत राहिला. हललासुद्धा नाही. मग त्याने पंखा सोडवून हातात धरला आणि तोच धागा त्याच्यापुढे नेला, तर धागा आडवा उडू लागला. पंखा चालू होता, हवा होती, पण रेडिएटरच्या आरपार जात नव्हती. प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास तापला की जळू नये म्हणून आपणच आपला वेग कमी करतो. कारीगर जे "अटकते" म्हणत होता ते हेच.

त्याच संध्याकाळी मी त्या मुलाच्या घरी गेलो. तिथे काय बोलणे झाले ते लिहिण्याचे कारण नाही. तो परत आला, आणि पुढची सारी दुरुस्ती त्याने व भाच्याने मिळून केली. त्यात मी जे शिकलो ते आता सांगतो.

पाणी थंड करीत नाही, वाहून नेते

पुष्कळांचा समज असा की पाण्याने थंड होणारा संगणक म्हणजे पंख्याची कटकट नाही. हा समज चुकीचा आहे. प्रोसेसरवर तांब्याची एक पट्टी बसवलेली असते. पंप तिच्यावरून पाणी फिरवतो, ते पाणी नळीतून रेडिएटरकडे जाते. रेडिएटर म्हणजे चपट्या नळ्या आणि त्यांच्यामध्ये पातळ पत्र्याच्या घड्या. मोटारीच्या पुढे असतो तसाच, लहान आकाराचा. पाण्याने आणलेली उष्णता शेवटी हवेलाच द्यायची असते आणि ती हवा पंख्यानेच ढकलायची असते. पाण्याचा फायदा एवढाच की उष्णता अरुंद जागेतून उचलून मोठ्या जागेवर पसरता येते.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. खोलीतली हवा जितकी गरम, त्याच्याखाली पाणी कधीच जाणार नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ ला टेकतो. डिसेंबरमध्ये पंखा पसंत केला आणि मे मध्ये रडत बसलो, असे व्हायला नको. खरेदी मे महिना डोळ्यांसमोर ठेवून करावी.

हवेचा हिशेबही माहीत असावा. १५० वॉट उष्णता असेल आणि रेडिएटरमधून ३० सीएफएम, म्हणजे मिनिटाला ३० घनफूट हवा आरपार गेली, तर ती हवा साधारण ९ अंशांनी तापून बाहेर पडते. म्हणजे फार हवा लागते असे नाही. लागते ती आरपार जाणारी हवा.

मलमल आणि ड्रिल

आता मुख्य मुद्दा. आपण कापडवाले आहोत, तेव्हा कापडावरूनच समजून घेऊ. पंख्यापुढे मलमलची ओढणी ताणून धरा, हवा पलीकडे जाते. तिथे ड्रिलचा तुकडा धरा, हवा मागे फिरून पंख्याच्या कडेने परत येते. पंखा तोच, वेगही तोच. फरक पडला तो समोरच्या अडथळ्याने. कापडात जसे इंचाला किती पिक हे बघतात, तसे रेडिएटरमध्ये इंचाला किती घड्या हे बघतात. १० ते १५ घड्यांचा रेडिएटर मलमलकडे झुकतो, २० किंवा त्याहून अधिक असलेला पॉपलिन-ड्रिलकडे. जाडीही महत्त्वाची. बाजारातल्या तयार संचांचे रेडिएटर बहुधा २७ मिलिमीटर जाडीचे असतात. वेगळे भाग घेऊन जुळवणाऱ्यांना ४५ आणि ६० मिलिमीटरचेही मिळतात.

खोक्यावर हवेचा जो आकडा असतो तो पंख्यापुढे काहीही नसतानाचा. अडथळ्याविरुद्ध रेटण्याची ताकद वेगळी. तिला स्टॅटिक प्रेशर म्हणतात आणि ती पाण्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. पंखा आपल्या दाबाने पाण्याचा स्तंभ किती मिलिमीटर उचलून धरेल, तो हा आकडा. तो मोजताना हवेची वाट पूर्ण बंद केलेली असते. म्हणजे हवेचा मोठा आकडा वाट पूर्ण मोकळी असतानाचा आणि दाबाचा मोठा आकडा वाट पूर्ण बंद असतानाचा. दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. एक हमाल रिकामी हातगाडी घेऊन किती जोरात पळतो आणि दुसरा भरलेली गाडी चढावर किती रेटतो, या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. रेडिएटरला दुसरा हमाल लागतो.

एकाच कंपनीचे उदाहरण घेऊ, म्हणजे कोणाची बाजू घेतल्यासारखे होणार नाही. ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीचे १२० मिलिमीटरचे दोन पंखे आहेत. एनएफ-एस१२ए हा १२०० फेऱ्यांना तासाला १०७.५ घनमीटर हवा देतो, आवाज १७.८ डेसिबल, दाब १.१९ मिलिमीटर. एनएफ-एफ१२ हा १५०० फेऱ्यांना ९३.४ घनमीटर हवा देतो, आवाज २२.४ डेसिबल, दाब २.६१ मिलिमीटर. कागदावर पहिला पंखा सरस. हवा जास्त आणि आवाज कमी. मी तोच उचलला असता. पण कंपनी स्वतः पहिला पंखा मोकळ्या कॅबिनेटसाठी आणि दुसरा रेडिएटरसाठी सांगते. दाब दुपटीहून अधिक आहे, हे त्याचे कारण.

याच कंपनीचा २०१८ मध्ये आलेला एनएफ-ए१२×२५ हा पंखा दोन्ही कामांना चालतो. २००० फेऱ्यांना तासाला १०२ घनमीटर हवा, २.३४ मिलिमीटर दाब, २२.६ डेसिबल आवाज. त्यातली खुबी म्हणजे पात्याचे टोक आणि चौकट यांच्यात फक्त अर्ध्या मिलिमीटरची फट आहे. समोर अडथळा आला की हवा याच फटीतून मागे पळते. फट जितकी बारीक तितकी पळवाट कमी. पण हा पंखा महाग आहे. आर्क्टिक कंपनीचा पी१२ त्याच्या कितीतरी कमी किमतीत मिळतो आणि त्याचा दाब १८०० फेऱ्यांना २.२ मिलिमीटर आहे. माझ्यासारख्या हिशेबी माणसाला तो पुरतो. ज्याला किमतीची फिकीर नाही त्याने पहिला घ्यावा. नॉक्टुआ ६ वर्षांची हमी देते, मात्र पक्के बिल असले तरच तिचा उपयोग. नावाजलेल्या मालाच्या नकला बाजारात निघतातच, हे कापडवाल्यांना सांगायला नको.

माझ्या त्या दिव्यांच्या पंख्यांच्या खोक्यावर दाबाचा आकडाच नव्हता. जो दुकानदार वजन सांगेल पण पन्हा सांगणार नाही, त्याचे कापड आपण घेतो का? तरीही खरे सांगायचे तर त्या दुकानदाराला मी फक्त "शांत पंखा द्या" एवढेच म्हटले होते. रेडिएटरवर लावायचा आहे हे सांगितलेच नव्हते.

खोके नसलेला सुटा पंखा ओळखण्याची एक ढोबळ खूण आहे. तो दिव्यासमोर धरा. पाती रुंद, एकमेकांजवळ आणि आरपार उजेड थोडाच दिसला तर तो रेडिएटरच्या कामाचा असण्याची शक्यता जास्त. पाती निमुळती आणि मधून भरपूर उजेड दिसला तर तो मोकळ्या जागेचा पंखा. चौकटीची कडा चारी बाजूंनी रेडिएटरला टेकायला हवी. दिवे बसवण्यासाठी चौकटीत खाचा ठेवलेले काही पंखे असतात, त्यांच्या कडेने हवा निसटते.

आकड्यांच्या मापांकडेही बघावे. कोणी हवा सीएफएममध्ये लिहितो, कोणी घनमीटरमध्ये. १ सीएफएम म्हणजे तासाला १.७ घनमीटर. १०२ हा आकडा ६० पेक्षा मोठा दिसतो, पण १०२ घनमीटर आणि ६० सीएफएम एकच. वार आणि मीटर यांच्या घोळात ज्याने एकदा नुकसान सोसले आहे तो इथे फसणार नाही. डेसिबलचेही तसेच. तो पंखा मोकळा टांगून, शांत खोलीत, ठराविक अंतरावरून मोजतात. अंतर किती ते सगळ्या खोक्यांवर लिहिलेले नसते. रेडिएटरला लावल्यावर आवाज वाढतोच. म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांच्या डेसिबलची तुलना करून २-३ डेसिबलच्या फरकासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

वेग अर्धा केला तर

शांततेची खरी किल्ली पंख्याच्या नावात नाही, वेगात आहे. पंख्याचा वेग अर्धा केला तर हवा अर्धी होते, दाब चौथ्या हिश्शावर येतो आणि आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. कानाला १० डेसिबलची घट म्हणजे आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. उलट एकाऐवजी तसेच दोन पंखे लावले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो.

आता हिशेब मांडा. १२० मिलिमीटरच्या रेडिएटरवर एक पंखा १८०० फेऱ्यांनी चालतो आहे. त्याऐवजी २४० चा रेडिएटर घेऊन त्यावर तसेच दोन पंखे ९०० फेऱ्यांनी चालवले. एकूण हवा जवळपास तेवढीच. आवाज १५ ने उतरला, ३ ने चढला, म्हणजे १२ डेसिबलची घट. शिवाय हवा लागणारा पत्रा दुप्पट झाला तो फायदा वेगळाच. दाब चौथा हिस्सा झाला हे खरे, पण हवा सावकाश जाऊ लागली की रेडिएटरचा अडथळाही खाली येतो. मात्र दाब मुळातच कमी असलेला पंखा इथे हार मानतो. १.२ चा चौथा हिस्सा ०.३. त्यात गाळणी आणि धूळ मिळाली की काय उरणार? संथ चालवायचा पंखा दाबाचाच हवा, तो यासाठी.

म्हणून नवा संगणक जुळवणाऱ्याला माझे सांगणे आहे की कॅबिनेटमध्ये जागा असेल तर रेडिएटर एक माप मोठा घ्या आणि पंखे हळू चालवा. २४० बसत असेल तर १२० घेऊ नका, ३६० बसत असेल तर त्याचाही विचार करा. १४० मिलिमीटरच्या पंख्याचे क्षेत्रफळ १२० च्यापेक्षा ३६ टक्क्यांनी जास्त असते. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना पंखे लावण्याची फॅशन आहे. पातळ रेडिएटरवर ती उधळपट्टी समजा.

सुताची रुई

आतापर्यंतचे कोणत्याही गावाला लागू आहे. हे आपल्या गावांचे आहे. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, जिथे माग चालतात तिथल्या हवेत सुताचे बारीक तंतू तरंगत असतात. कापसाचा तंतू साधारण २५ ते ३० मिलिमीटर लांब. इंचाला २० घड्यांचा रेडिएटर असेल तर दोन घड्यांमधली फट सव्वा मिलिमीटर. म्हणजे एक तंतू आडवा पडला की वीसेक फटींवर पसरतो. त्याच्यावर दुसरा अडकतो, त्यात धूळ बसते, आणि काही महिन्यांत तिथे चक्क नमदा तयार होतो. शहरातल्या कोरड्या धुळीचे असे होत नाही. ती बरीचशी आरपार निघून जाते.

आमच्या रेडिएटरचे पंखे त्याच्यापुढे बसवून हवा आत ढकलणारे होते. नमदा पंखा आणि रेडिएटर यांच्या मधोमध तयार झाला होता. बाहेरून काही दिसत नव्हते. नवे पंखे बसवणाऱ्याने वरवर ब्लोअर मारला, त्याने नमदा आणखी घट्ट बसला असेल. भाच्याने तो चिमट्याने सोलून काढला तेव्हा तळहाताएवढे दोन तुकडे निघाले. आणि मग उलगडा झाला की जुने पंखे मुळात गर्जत का होते. रेडिएटर कोंडला, पाणी तापले, म्हणून संगणक त्यांना पूर्ण वेगाने पळवीत होता. आवाज पंख्याचा नव्हता, कचऱ्याचा होता. मी दवा भलत्याच दुखण्याची आणली.

तेव्हा नवा पंखा घेण्याआधी जुना सोडवून आत पाहा. निम्म्या लोकांचे काम तिथेच फुकटात होईल, असे मला वाटते.

पंखा रेडिएटरच्या पुढे लावावा की मागे, हा वाद जुना आहे. पुढे लावून ढकलणारा पंखा सहसा थोडा शांत असतो, कारण त्याला हवा मोकळी मिळते. मागे लावून ओढणाऱ्या पंख्याच्या तोंडाशीच रेडिएटर असतो, म्हणून काही पंखे तिथे गुणगुणतात. पण ओढणारा पंखा लावला की तंतू रेडिएटरच्या उघड्या तोंडावर बसतात, पुढची जाळी काढली की दिसतात आणि मऊ ब्रशने निघतात. मागांच्या गावात मी ओढणाराच लावीन आणि गुणगुण कमी करायला वेग थोडा उतरवीन. पुण्या-मुंबईच्या स्वच्छ कचेरीत बसणाऱ्याने ढकलणारा लावावा.

त्याच्याही पुढे धुता येणारी नायलॉनची गाळणी हवी. गाळणी हवा अडवते, हे खरे. पण ती धुवायला दोन मिनिटे लागतात आणि रेडिएटर साफ करायला अर्धा दिवस. आमच्याकडे जुम्याला माग बंद असतात, त्या सकाळी गाळणी धुतली जाते. ब्लोअर मारायचा तर हवा शिरते त्याच्या उलट बाजूने मारावा, आणि मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. नाहीतर ते हवेने भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. कारखान्याच्या कॉम्प्रेसरची हवा वापरू नये. तिच्याबरोबर तेल आणि पाणी येते, आणि तेलावर रुई गोंदासारखी चिकटते.

जे तरुण संगणक दुरुस्ती करतात त्यांनी इथे लक्ष द्यावे. मागांच्या गावात दर सहा महिन्यांनी पेढ्यांवर जाऊन रेडिएटर व पंखे साफ करून देणे हा एक स्वतंत्र, इमानदारीचा धंदा होऊ शकतो. भांडवल म्हणजे एक ब्लोअर, दोन ब्रश, स्क्रूड्रायव्हर आणि धीर.

आवाज आवाजांत फरक

आपण १०० डेसिबलच्या आसपास गरजणाऱ्या मागांजवळ वाढलेली माणसे. आपल्याला ३० डेसिबलचे काय कौतुक, असे कोणी विचारील. पण डिझाइनचा कारीगर त्या पंख्यापासून हातभर अंतरावर दहा तास बसतो. त्याला त्रास देतो तो मोठा आवाज नव्हे, चिरका आवाज. हवेची सरसर सुसह्य असते. एकाच सुरातली गुणगुण मोजमापात कमी भरली तरी डोके उठवते. टिकटिक किंवा खरखर आली तर बेअरिंग संपत आले समजावे.

बेअरिंगचे मुख्य प्रकार तीन. साधे स्लीव्ह बेअरिंग स्वस्त आणि सुरुवातीला शांत, पण पंखा आडवा, म्हणजे छताला समांतर बसवला तर लवकर झिजते. बॉल बेअरिंग टिकाऊ, उष्णता सोसणारे, पण किंचित आवाज करणारे. तेलाच्या थरावर फिरणारे फ्लुइड बेअरिंग शांत आणि टिकाऊ. रेडिएटरसाठी हेच घ्यावे.

काही पंखे एका ठराविक वेगालाच गुणगुणतात. वेग ५०-१०० फेऱ्यांनी वर-खाली केला की गुणगुण जाते. म्हणून चार तारांचा पीडब्ल्यूएम पंखा घ्यावा, त्याचा वेग बारकाईने ठरवता येतो. आणि गुडगुड असा पाणी उकळल्यासारखा आवाज आला तर तो पंख्याचा नव्हेच. पंपात हवा शिरली आहे. रेडिएटरचा वरचा कडा पंपापेक्षा उंच असला की हवा तिथे जाऊन बसते आणि पंप गप्प होतो. पंप सर्वांत उंचावर येईल अशी रचना कधीही करू नये.

बसवताना एक धोका ध्यानात ठेवावा. २५ मिलिमीटर जाडीच्या पंख्याला ३० मिलिमीटरचे स्क्रू लागतात. पातळ, १५ मिलिमीटरचा पंखा आणला आणि स्क्रू तेच वापरले तर टोक रेडिएटरच्या नळीत घुसते आणि पाणी थेट संगणकावर. आधी स्क्रू पंख्यात घालून पलीकडे किती निघतो ते बघावे. ५ मिलिमीटरपेक्षा जास्त निघत असेल तर बसवू नये. पंखा आणि रेडिएटर यांच्यात रबराची किंवा फोमची पट्टी बसवली तर कडेने निसटणारी हवा थांबते आणि कॅबिनेटची थरथरही कमी होते.

वेग कानाने ठरवावा

बहुतेक संगणक पंख्याचा वेग प्रोसेसरच्या तापमानावर ठरवतात. प्रोसेसर फाइल उघडताच एका क्षणात २० अंश चढतो आणि पुन्हा उतरतो. पाण्याला मात्र तापायला कित्येक मिनिटे लागतात. परिणाम असा की पाणी थंडच असते आणि पंखा उगाच वर-खाली ओरडतो. हे चढ-उतार सलग आवाजापेक्षा जास्त त्रासाचे. बायोसमध्ये पंख्याचा प्रतिसाद जास्तीत जास्त सावकाश करून ठेवावा. ज्या संचात पाण्याचे तापमान कळते त्यात पंखा पाण्यावर बांधावा.

त्याहून सोपा उपाय आमच्या कारीगराने केला. छताचा पंखा नेहमीसारखा चालू ठेवला. रेडिएटरच्या पंख्यांचा वेग हळूहळू चढवत नेला आणि जिथे त्यांचा आवाज छताच्या पंख्याच्या आवाजातून वेगळा ऐकू येऊ लागला तिथून थोडा खाली आणून स्थिर केला. तो वेग ९५० निघाला. छताचा पंखा चालू असलेल्या खोलीत संगणकाला अतिशय महागडा, निःशब्द पंखा आणून काय उपयोग? मग सर्वांत जड फाइल लावून अर्धा तास तापमान बघितले. अर्धा तास यासाठी की पाणी स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतोच. पाच मिनिटांत निकाल देणाऱ्या मिस्त्रीवर विश्वास ठेवू नये.

शेवटी आणखी एक गोष्ट केली, तिला एक पैसाही लागला नाही. बायोसमध्ये प्रोसेसरची विजेची मर्यादा १८० वॉटवरून १२५ वॉटवर आणली. १५ मिनिटांची फाइल १६ मिनिटांत होऊ लागली. उष्णता जवळपास एक तृतीयांश घटली. आज नव्याने संगणक घेत असतो तर एवढ्या कामासाठी पाण्याच्या भानगडीत पडलोच नसतो. १२५ वॉटला चांगला हवेचा कूलर पुरतो, पंप नाही, गळती नाही. पण जे घरात आहे ते नीट चालवणे भाग आहे.

त्या एप्रिलमध्ये खोलीत ३४ अंश असताना जड फाइलला आमचा प्रोसेसर ७६ अंशांवर थांबला, दोन्ही पंखे ९५० वर. दिव्यांचे पंखे वाया घालवले नाहीत. ते कॅबिनेटच्या मागच्या बाजूला लावले आहेत. तिथे समोर अडथळा नाही, आणि तिथे ते उत्तम काम करतात.

आमच्या कारीगराने कॅबिनेटच्या आत, काचेतून दिसेल अशा बेताने, पंख्यांपासून तीन बोटे दूर सुताचा एक लाल धागा चिकटवला आहे. पात्यापर्यंत पोहोचणार नाही इतका आखूड. तो फडफडत असला की काम चालू ठेवायचे. तो लोंबू लागला की फाइल संपताच मशीन बंद करून गाळणी धुवायची. जुम्याची वाट बघायची नाही.